संच जुळवणारे मास्तर

नंदुरबारला स्टेशनच्या अलीकडे मिरचीच्या वखारींची एक रांग होती. त्यातल्या शेवटच्या वखारीत मी नऊ वर्षं नोकरी केली. तिथं मिरची नव्हती, रेडिओ तयार व्हायचे. आम्ही चार माणसं होतो, पण गावातले लोक आम्हाला 'कंपनीवाले' म्हणत. काही कौतुकानं, बरेचसे थट्टेनं. मिरचीच्या हंगामात शेजारून ठसका यायचा आणि चौघंही दिवसभर शिंकायचो. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला वाटायचं, इथं सगळेच आजारी आहेत.

मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. तापीकाठच्या एका गुजर घरातले ते धाकटे. घरी कापूस होता, केळी होती, ऊस होता. हे मात्र बडोद्याला जाऊन विजेचं शिक्षण घेऊन आले आणि म्हणाले, मी रेडिओ करणार. त्या काळात गावोगावी चावडीवर रेडिओ ठेवण्याची हवा होती. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून आमचे संच मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालायचे. बाजारभाव, शेतीच्या गोष्टी, भजनं, बातम्या, हे सगळं गाव एकत्र बसून ऐकायचं. मुंबईत बनवलेले संच आमच्याकडच्या धुळीत आणि उन्हात टिकत नाहीत, आपण टिकणारे करू, असं भाऊंचं म्हणणं. लाकडी पेटी करायला एक म्हातारे सुतारबाबा होते. आतली सगळी जोडणी आणि जुळवणी मास्तर करायचे. आणि कॉइली गुंडाळायला मी होते.

माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते. मी सातवी पास झाले होते, शाळेत मास्तरीण व्हायचं मनात होतं, पण तिथं जागा निघायची वाट पाहावी लागणार होती. भाऊंना कॉइलीसाठी मुलगी हवी होती, कारण केसासारखी बारीक तार पुरुषांच्या बोटांत तुटायची. आई म्हणाली, "पोर पुरुषस्मा बठी काम करी? लोक काय म्हनतीन?" वडील म्हणाले, "बठानं काम शे, सावलीमा शे. जाऊ दे तिले." आणि मी जाऊ लागले.

काम सोपं दिसायचं, सोपं नव्हतं. हातानं फिरवायचं एक छोटं यंत्र होतं. डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची, उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि मनात वेढे मोजायचे. एका कॉइलीला एकशे वीस. एकही कमी नको, एकही जास्त नको. मोजणी चुकली की तार सोडवून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या महिन्यात मी झोपेतही मोजायची म्हणून आई मला हलवून जागं करायची.

मास्तर माझ्या समोर बसत. मधे एक लांब मेज. ते खांडबाऱ्याजवळच्या, कोकणी आदिवासींच्या एका पाड्यातले. तरुणपणी सुरतेला गेले, एका रेडिओवाल्याच्या दुकानात झाडू मारता मारता सगळं शिकले. भाऊंनी त्यांना तिथूनच आणलं होतं. गावात एक खोली घेऊन राहायचे आणि रविवारी गाडीनं घरी जायचे. पंचेचाळिशीचे असतील. बुटके, काळेसावळे, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. बोलणं फार कमी. आमच्याशी अहिराणीत बोलत, घरची भाषा वेगळी होती.

त्यांचा कान हीच आमची कंपनी होती, असं भाऊ सगळ्यांना सांगत. संच जोडून झाला की त्यातले बारीक स्क्रू फिरवून तो जुळवावा लागतो. केंद्र स्वच्छ लागलं पाहिजे, शिट्टी नको, खरखर नको. मास्तर डोळे मिटून, मान थोडी कलती करून स्क्रू फिरवत. कधी कधी आम्हाला काहीच वेगळं ऐकू यायचं नाही, पण ते म्हणत, "नही, अजून थोडं शे." आणि थोडं फिरवलं की आवाज असा मोकळा व्हायचा, जणू बोलणारा माणूस खोलीत येऊन बसला.

मला नोकरीला सहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मेजावरचा संच एकदम किंचाळला. इतक्या कर्कश आवाजात, की सुतारबाबांनी रंधा टाकून दोन्ही कानांत बोटं घातली. माझेही दात शिवशिवले. मास्तर मात्र शांतपणे संचावर वाकून स्क्रू फिरवत होते. आधी मला हसू आलं. मग दिसलं, की त्यांनी संचाला मीटरच्या दोन तारा लावल्या आहेत आणि ते डोळे मिटून ऐकत नाहीयेत, डोळे उघडे ठेवून मीटरच्या काट्याकडे पाहताहेत. काटा पुढे सरकला म्हणजे आवाज वाढला. त्यांना एवढंच कळत होतं.

मग एकेक आठवायला लागलं. हाक मारली की ते हल्ली लगेच वळायचे नाहीत. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचे. भाऊ मागून काही म्हणाले की "हा, हा" म्हणायचे आणि भलतंच करायचे. सुतारबाबा म्हणत, मास्तरला आता गर्व झाला.

मी कुणालाच सांगितलं नाही. इतकंच वाटलं, की ही गोष्ट त्यांची आहे, ती आपण कशी बोलायची.

दुसऱ्या दिवशी संचातून पुन्हा शिट्टी आली आणि माझा हात आपोआप थांबला. मास्तरांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग थांबलेल्या दांड्याकडे. त्यांनी स्क्रू थोडा उलटा फिरवला. शिट्टी गेली. मी पुन्हा दांडा फिरवू लागले. ते अजून माझ्याकडेच पाहत होते. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि संचावर वाकले.

त्यानंतर सात-आठ महिने आम्ही असंच काम केलं. शिट्टी आली की मी थांबायची. खरखर आली की डावा हात उचलायची. आवाज स्वच्छ झाला की दांडा फिरवायची. याबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. सोमवारी ते गावाहून येताना बोरं आणायचे, सगळ्यांना वाटायचे. माझ्यापुढे ठेवलेली ओंजळ जरा मोठी असायची, एवढंच.

भाऊंना काही कळलं नाही. संच जात होते, गावांतून बरी खबर येत होती. मला त्याचा अभिमान वाटायचा. वाटायचं, मी एका माणसाला सांभाळते आहे. पण माणूस दोन गोष्टी एकदम ऐकू शकत नाही हे मला समजलं नव्हतं. मी त्यांचा संच ऐकत होते तेव्हा माझे वेढे मोजत नव्हते. थांबल्यावर कुठवर आलो होतो ते अंदाजानं धरायची. त्र्याण्णव की एकशे तीन? असेल त्र्याण्णव. की नसेल? पुढे चालायची.

उन्हाळ्यात तळोद्याकडच्या एका गावची तीन माणसं आमचा संच बैलगाडीत घालून परत घेऊन आली. त्यांतले म्हातारे सरपंच होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार हळू बोलले. नव्या रेडिओसाठी त्यांनी चावडी सारवून घेतली होती. आजूबाजूच्या पाड्यांतून माणसं बोलावली होती, बाया लेकरं घेऊन दुपारपासून येऊन बसल्या होत्या. सरपंचांनी बटण फिरवलं. खरखर आली. काटा मुंबईवर आणला तरी खरखर. माणसं बराच वेळ बसून राहिली, मग एकेक उठून गेली. "त्यास्ले वाटनं, मीच खोटं बोलनू," म्हातारे म्हणाले. "म्हने, पेटीमा माणूस बोलस अशी थापा मारी आम्हले बलायं."

भाऊंनी त्यांना पाणी दिलं, दुसरा संच दिला, पुन्हा पुन्हा माफी मागितली. ते गेल्यावर परत आलेला संच मेजावर उघडला. आतल्या कॉइलीतला गाभा, म्हणजे जुळवताना फिरवायचा तो स्क्रू, शेवटापर्यंत आत घातलेला होता. कॉइलीचे वेढे कमी पडत होते म्हणून मास्तरांनी तो तसा बसवून संच कसाबसा जुळवला होता, आणि गाडीच्या हादऱ्यांनी तो ढळला होता. भाऊंनी ती कॉइल काढली, माझ्यासमोर बसले आणि तार सोडवू लागले. मोठ्यानं मोजत होते. मी खाली बघत होते. तार संपली तेव्हा आकडा एकशे आठ झाला होता.

त्यांनी कपाटातून माझ्या तयार कॉइलींतली आणखी एक उचलली. तिच्यात नऊ वेढे कमी निघाले.

"सहा वर्षांत तू एकदा चुकली नाहीस," भाऊ म्हणाले. "तुझं लक्ष कुठंय?"

मी सोडवलेली तार बोटाभोवती गुंडाळू लागले.

"लग्नाचं चाललंय का घरी?"

मी "हो" म्हटलं. तसं काहीच नव्हतं.

भाऊ उठले. म्हणाले, "मग आता घरीच रहा. मी तुझ्या वडलांशी बोलतो. या कामात अर्धं मन चालत नाही." ते चिडले नव्हते, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. सरपंचांचा चेहरा त्यांच्यासमोरून हटत नव्हता, हे दिसत होतं.

मास्तर समोरच बसले होते. त्यांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. पण मेजावर सोडलेल्या तारेचा गुंता होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं. मग हातातलं, तारांना कथलाचा डाग द्यायचं तापलं खिळं शेगडीच्या कडेला नीट टेकवून ठेवलं आणि उठून भाऊंपुढे जाऊन उभे राहिले.

"भाऊ, पोरनी चूक नही शे," ते म्हणाले. "चूक मन्हा कानस्नी शे."

भाऊंना समजेना. मास्तरांनी सगळं सांगितलं. दीड वर्षापासून कसं कमी होत गेलं, आधी पाखरांचे आवाज गेले, मग शिट्टी गेली, मग माणसांचे शब्द गेले. चिंचपाड्याच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले शीर सुकत चालली आहे, यावर औषध नाही. मीटर कसा लावायला लागले. आणि मी कशी थांबायची. "ती मन्हासाठे आयकत व्हती," ते म्हणाले. "तिन्हं मोजणं त्यामा गयं."

भाऊ हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं. "काहीतरीच काय, मास्तर?"

मग ते चालत मास्तरांच्या पाठीमागे गेले, आणि बोलल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मास्तर." मास्तर समोर भिंतीकडे बघत उभे. भाऊंनी जरा मोठ्यानं हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. सुतारबाबांचा रंधा केव्हाच थांबला होता. चौथ्या हाकेला भाऊंचा आवाज फाटला, शेजारच्या वखारीतली बाई दारात येऊन बघू लागली. मास्तर भिंतीकडेच बघत होते. आपली परीक्षा चालली आहे हे त्यांना ठाऊक होतं; संपली की नाही, ते मात्र ठाऊक नव्हतं. म्हणून ते तसेच ताठ उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे हात बाजूला धरून.

मी उठले आणि जाऊन त्यांच्या दंडाला हात लावला. इतक्या वर्षांत तेवढा एकदाच.

भाऊ त्यांच्यासमोर येऊन म्हणाले, "मला का नाही सांगितलं?"

ओठ वाचून मास्तर म्हणाले, "सांगीसन काय करतू? रेडिओना कारखानामा बहिरा माणूसले कोण ठेवस?"

भाऊंनी ठेवलं. तो माणूस मनानं चांगला होता. मला घरी रहा म्हटलं होतं, तेही मागे घेतलं. मास्तरांनी फक्त जोडणी करायची, डाग द्यायचे, आणि जुळवणीला सुरतेहून एक तरुण गडी आणायचा असं ठरलं. तो गडी हुशार होता, वाईट नव्हता. पण आल्या आल्या त्यानं कपाटातले तयार संच एकेक काढून तपासले, आणि ज्यांत दोष निघाला त्यांच्या पेटीवर खडूनं फुली मारून भिंतीला लावून ठेवले. तो त्याच्या कामाची सोय बघत होता. मास्तरांच्या पाठीशी ती भिंत होती. उठता-बसता त्या फुल्या त्यांना दिसायच्या. मेजावरची त्यांची जागाही बदलली. ते आता कोपऱ्यात शेगडीजवळ बसायचे, माझ्या समोर तो तरुण.

मी मनाशी एक ठरवलं होतं. मोजणी सुरू केली की काही झालं तरी वर बघायचं नाही. सरपंचांसारखा माणूस माझ्यामुळे पुन्हा खाली मान घालून बसायला नको. महिनाभर मी तसंच काम केलं. एकदाही चुकले नाही.

त्या दिवशी दुपारी मी सत्तरवर होते. मास्तर कोपऱ्यातून उठले ते मला डोळ्याच्या कडेनं दिसलं. ते माझ्या मेजापाशी आले आणि उभे राहिले. मला वाटलं, काही साहित्य हवं असेल. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. ते उभेच होते. त्यांची सावली माझ्या हातावर पडली होती. मी मान वर केली नाही. शंभराच्या आसपास सावली गेली. मी एकशे वीस पुरे केले, तारेला गाठ मारली आणि वर पाहिलं. कोपरा रिकामा होता. शेगडीजवळची त्यांची पिशवी नव्हती, त्यांचं खिळं नव्हतं.

मी रस्त्यापर्यंत पळाले. स्टेशनात सुरतेकडची, म्हणजे त्यांच्या गावाकडची गाडी उभी होती, माझ्यादेखत सुटली.

भाऊंनी दोनदा माणूस पाठवला. मास्तर परत आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात मी आईला घेऊन खांडबाऱ्याच्या बाजाराला गेले, आणि विचारत विचारत त्यांच्या पाड्यावर पोचले. ते अंगणात दोरी वळत बसले होते. मला बघून उठले, खाट टाकली. बायकोला त्यांच्या भाषेत काही सांगितलं, तिनं भाकरी टाकली. मी पाटी घेऊन गेले होते, कारण आता त्यांना ओठही नीट वाचता येत नव्हते.

मी पाटीवर लिहिलं, 'त्या दिवशी मी मोजत होते. म्हणून बघितलं नाही.'

त्यांनी वाचलं. पुसलं नाही, पाटी मांडीवर ठेवली.

"चांगलं करं," ते म्हणाले. "तेच काम व्हतं तुन्हं."

"तुम्हाला काय सांगायचं होतं?" मी लिहिलं.

त्यांनी वाचलं आणि दोरीचा पीळ पुन्हा हातात घेतला. "काही नही. जास म्हनी सांगणं व्हतं." मग आईकडे बघून म्हणाले, "जेवाले बठा." आवाज त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. इतक्या मोठ्यानं बोलले की आई दचकली.

मी जेवले. कंपनीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही आणि मीही लिहिलं नाही.

नंतर वर्षभरातच खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले. तळहाताएवढी पेटी, चार लहान सेल, कुणीही गळ्यात अडकवून शेतात नेऊ शकेल अशी. आमचे ते मोठे लाकडी संच कुणाला नको झाले. भाऊंनी वर्षभर तग धरला. एक दिवस त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की आता थांबू या. सुतारबाबा खिडक्या-दारं करायला लागले, तरुण गडी सुरतेला परत गेला, भाऊ केळीच्या बागेत गेले. वखारीत पुन्हा मिरची भरली. मला रनाळ्याच्या शाळेत नोकरी मिळाली आणि मी मुलांना पाढे शिकवू लागले. लग्न मात्र झालं नाही; घरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही आणि मीही नाही.

मास्तर गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, तेही बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाकडून सहज बोलता बोलता. मी रजा काढून पाड्यावर गेले. त्यांची बायको धान्य पाखडत होती. तिला अहिराणी थोडी यायची. ती सांगू लागली, की ताप आला, पाचव्या दिवशी गेले. मग म्हणाली, गावच्या चावडीवर रेडिओ आला होता, तिथं हे रोज जायचे.

"ऐकायला?" मी विचारलं, आणि विचारल्यावर वाईट वाटलं.

"आयकू कोठे येस? बठेत तठे." तिनं सूप खाली ठेवलं. लोक हसले की हेही हसायचे, म्हणाली. लोक उठले की उठायचे. पाड्यावरची पोरं आधी त्यांना चिडवायची, मग चिडवेनाशी झाली, त्यांच्यासाठी पुढची जागा धरून ठेवायला लागली. गावात कुणालाच माहीत नव्हतं की हा माणूस एके काळी रेडिओ जोडायचा. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि तिलाही सांगू दिलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, "मी सांगू का गावात?"

तिनं नको म्हणून मान हलवली आणि पुन्हा सूप उचललं. मी तिच्याजवळ बसून दाण्यांतले खडे वेचत राहिले. उन्हं उतरल्यावर ती मला वाटेपर्यंत पोचवायला आली. स्टेशनपर्यंत मी एकटीच चालत गेले.